चढणीचा मासा

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत सिॲटल शहरी असतात. गेल्या श्रावणात त्यांनी घरच्या मंडळींकरिता एक चलच्चित्र धाडले. त्या शहरात समुद्र आणि गोड्या पाण्याचे सरोवर यांच्यामध्ये जहाजे चढविण्या-उतरविण्याची दारे आहेत. ती १९१७ साली उघडली. त्या दारांच्या कडेला माशांसाठी म्हणून पाण्याची एक पायऱ्यांची वाट बांधली आहे. १९७६ साली ती नव्याने बांधली, तेव्हा तिला एकवीस पायऱ्या केल्या, आणि जमिनीखाली काचेची तावदाने बसवून चढणारे मासे लोकांस पाहता येतील अशी व्यवस्था केली. चित्रात एका तावदानाआड मांडीएवढा जाड, पाठीवर काळे ठिपके असलेला मासा प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी थरथरत उभा होता. जरा दम घेऊन त्याने शेपटीचा एक तडाखा दिला आणि तो वरच्या पायरीत दिसेनासा झाला.

घरात धाकटी-थोरली धरून अकरा माणसे. सर्वांनी ते चित्र पाहिले. सौभाग्यवतींनी, ‘बिचाऱ्याला किती ते कष्ट,’ म्हणून उद्गार काढले. आमच्या आठ वर्षांच्या नातवाने मात्र विचारले, “आजोबा, आपल्या पंचगंगेत असा मासा आहे का?”

‘नाही’ हा शब्द आमच्या ओठांवर आला होता. तो तेथेच थांबला, याचे कारण सांगितले पाहिजे. आणि ते सांगताना आमची अप्रतिष्ठा होणार आहे, तीही वाचकांनी सोसून घ्यावी.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही इंग्रजीच्या वर्गावर सॅमन माशावरील एक उतारा शिकवीत होतो. नदीत जन्मावे, समुद्रात वाढावे आणि मरणापूर्वी पुन्हा जन्मस्थानी यावे, असा तो विषय. गगनबावड्याकडील एका खेड्यातून येणारा एक मुलगा मागच्या बाकावर बसत असे. तो उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, आमच्या वड्याला मिरगात चढणीचं मासं येत्यात, तसलंच हे व्हय?” वर्ग हसला. आम्हीही हसलो. ‘ओढ्यातल्या माशांचा आणि याचा काही संबंध नाही, खाली बस,’ असे म्हणून आम्ही पुढचे वाक्य वाचावयास घेतले. त्या मुलाने पुढे वर्षभर प्रश्न विचारला नाही. शाकाहारी घरात वाढलेल्या माणसास मासा म्हणजे दशावतारांच्या चित्रातला पहिला एवढेच ठाऊक असते. परंतु अज्ञान हा एक दोष आणि ते छडीच्या जोरावर झाकणे हा दुसरा.

तेव्हा नातवाला आम्ही सांगितले, “चौकशी करून सांगतो.” त्या चौकशीचा हा वृत्तांत.

प्रथम त्या परदेशी माशाविषयी. त्याचे नाव चिनूक. कोलंबिया नदीच्या मुखाशी राहणाऱ्या तेथील मूळच्या लोकांचे हे नाव माशाला मिळाले. प्रशांत महासागराच्या सॅमनांत हा सर्वांत मोठा, म्हणून त्यास राजा सॅमन असेही म्हणतात. हात-दोन हात लांबीचे मासे नेहमीचे. परंतु १९४९ साली अलास्कात सापडलेला एक चिनूक १२६ पौंडांचा भरला होता. मादी थंड, वाहत्या पाण्यात गोट्यांच्या थरात शेपटीने खळगा करून अंडी घालते. पिले काही महिने, क्वचित वर्षभर, नदीत राहून समुद्रास मिळतात. तेथे बहुधा तीन-चार वर्षे, कधी त्याहून अधिक काळ काढला की त्यांना परत फिरण्याची ओढ लागते. भर समुद्रात पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ती दिशा ओळखतात, आणि किनारा आला की बालपणी नाकात बसलेल्या पाण्याच्या वासावरून आपली नदी, तिच्यातही आपला ओढा, हुडकून काढतात. हा वासाचा सिद्धान्त हॅस्लर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात प्रयोगांनी पुढे आणला. गोड्या पाण्यात शिरल्यावर चिनूक अन्न घेत नाही. युकॉन नदीत तर काही चिनूक तीन हजार किलोमीटरपर्यंतची वाट अशी उपाशीपोटी चढतात. अंडी घातली की नर-मादी दोघेही मरतात. वेळूला फुलोरा आला की वेळू वाळतो, अनेक वर्षांनी कारवी फुलली की ती जाते, तसेच हे. त्यांच्या देहांवर अस्वले, पक्षी आणि काठची झाडेसुद्धा पोसली जातात.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या उपाहारगृहांत ‘इंडियन सॅमन’ या नावाने जो मासा वाढतात तो रावस होय. तो चवीला उत्तम असतो म्हणे. परंतु सॅमनच्या कुळाशी त्याचे नाते नाही. साहेबाला आपल्या देशाची आठवण झाली, एवढाच त्या नावाचा अर्थ. खरे सॅमन आपल्या नद्यांत नाहीत. मात्र त्याच्या तोलाचा, पाण्याच्या उलट चढणारा, डोंगराच्या नदीचा राजा म्हणावा असा एक मासा सह्याद्रीत आहे. त्याचे नाव महाशीर.

हा कुळाने रोहू-कटल्याच्या जवळचा. अंगावर रुपयाहून मोठाले खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, जाड मांसल ओठ. तोंडात दात नाहीत. ते घशात असतात, आणि गोगलगाईचे कवच तो तेथे चुरडतो. काठावरच्या झाडांची पाण्यात पडलेली फळे, किडे, शेवाळ, लहान मासे, काहीही त्यास वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ते केवळ साचलेले, घाण पाणी. ज्या पाण्यात प्राणवायू भरपूर आणि तळाशी गोटे आहेत ते त्याचे घर. मृग-आर्द्रांत नद्यांना लाल पाणी आले की तो डोहांतून निघून प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि पावसाळ्यात गोट्यांच्या उथळ जागी अंडी घालतो. अंडी मोठी, पिवळसर, तळाशी बसणारी, आणि रोह्याच्या मानाने संख्येने फारच थोडी. चिनूकप्रमाणे तो समुद्र पाहत नाही, आणि संसार उरकला म्हणून मरतही नाही. पाणी ओसरता ओसरता डोहात परततो आणि पुढच्या साली पुन्हा चढतो. म्हणजे त्याला एकदा नव्हे, दर वर्षी वाट मोकळी हवी.

नावाविषयी आम्हांस दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. कोणी ‘महाशिर’, म्हणजे मोठ्या डोक्याचा, असे म्हणतात. कोणी त्यात फारसीतला शेर, म्हणजे सिंह, पाहतात. तिसरी व्युत्पत्ती ‘महाशल्क’ ही, म्हणजे मोठ्या खवल्यांचा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पदार्थांत महाशल्क हा शब्द येतो. तेथे तो मासा की आणखी काही, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. आमचे मत तिसऱ्या व्युत्पत्तीकडे झुकते. पण संस्कृताच्या शिक्षकाचे मत दुसरीकडे झुकणार तरी कसे?

त्याहून मौजेची गोष्ट शास्त्रीय नावाची आहे. मुंबई सरकारच्या सेवेत कर्नल साईक्स म्हणून एक अधिकारी होते. दख्खनमध्ये हिंडून त्यांनी माणसे, पिके, पक्षी, मासे अशा सर्वांची टिपणे केली. त्यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत त्यांना मिळालेल्या महाशिराला त्यांनी लॅटिन नाव शोधले नाही. मासेमाऱ्यांनी ‘खुद्री’ म्हटले, साईक्सांनी तेच लिहून घेतले. आज जगभरच्या ग्रंथांत या माशाचे नाव ‘टॉर खुद्री’ आहे. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेस जाते, आणि प्रयाग चिखलीला जमलेले आमच्या पंचगंगेचे पाणी नरसोबाच्या वाडीस कृष्णेलाच मिळते. एका कर्नलाने ज्या शब्दाला मान दिला, त्याच भाषेत बोलणाऱ्या मुलाला आम्ही खाली बसविले होते.

आपल्याकडील जुन्या विद्वानांनी मात्र माशांकडे असे तुच्छतेने पाहिले नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेने तो श्रीगोंदेकरांकडून संपादून छापला आहे. त्यातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात गळाने मासे धरण्याची क्रीडा आहे, आणि त्यानिमित्ताने सुमारे पस्तीस जातींचे वर्णन आहे. समुद्राचे कोणते, नदीचे कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास काय खाऊ घालावे, सारे नीट लावून दिले आहे. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर लेख लिहून शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वेधले. आम्ही तो भाग पूर्वी कधी वाचला नव्हता. राजनीती आणि संगीत एवढे वाचून पुस्तक मिटले होते.

पुस्तके झाली, मासा प्रत्यक्ष पाहावा म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही नातवंडांसह रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळण गावी गेलो. तेथे काळ नदीत कातळात कोरल्यासारखा एक लांबट खोल डोह आहे, त्यास वाळणकोंड म्हणतात. काठावर वरदायिनी देवीचे स्थान. डोहातले मासे देवीचे, म्हणून त्यांस कोणी धरीत नाही. मूठभर कुरमुरे पाण्यावर टाकले तो तळाच्या काळोखातून एकामागून एक सावल्या वर आल्या. उन्हात खवले चमकले, परांवर निळसर झाक दिसली. एका मोठ्या माशाने घाई न करता तोंड उघडले, कुरमुरे आत घेतले आणि तो पुन्हा खाली गेला. नातवाने आमचा हात घट्ट धरला होता. पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथेही देवळाच्या आश्रयाने असेच मासे राहिले आहेत. शासनाचा कायदा नसता, पहारेकरी नसता, पिढ्यान् पिढ्या हे मासे वाचले, ते केवळ ‘हे देवीचे’ या दोन शब्दांनी. वन्यजीवांचे अभ्यासकही आज अशा डोहांकडे आदराने पाहतात.

परंतु देवी जाळ्यापासून वाचविते. वरून येणाऱ्या पाण्याचे काय? देहूला इंद्रायणीचा डोह वारकऱ्यांना केवढा पूज्य! तेथील माशांनाही लोक देवमासेच मानतात, गळ टाकीत नाहीत. अलीकडच्या वर्षांत त्याच इंद्रायणीत मेलेल्या माशांचा थर काठाला लागल्याची वार्ता एकाहून अधिक वेळा वाचावी लागली. आणि दुसऱ्यांच्या नदीकडे बोट कशास? आमच्या पंचगंगेत उन्हाळ्यात पाणी काळे पडून मासे तडफडत वर येतात, त्या दिवशी घाटावर नाकाला पदर लावून बायका परततात. आम्हीही तेथून परतलो आहोत, आणि घरी येऊन वर्तमानपत्रास पत्रसुद्धा लिहिले नाही.

या माशाला वाचविण्याचा दुसरा उपाय लोणावळ्यास झाला. टाटांच्या वीज कंपन्यांनी तेथे धरणे बांधून जे तलाव केले त्यांत खुद्री होती. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास तिच्या अंड्यांचा आणि पिलांच्या वाढीचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. पुढे वळवण तलावाशी टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात मादीच्या पोटातून हलक्या हाताने अंडी काढावयाची, त्यांवर नराचे बीज मिसळावयाचे आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत पिले उबवावयाची, ही कला सिद्ध झाली. लाखो पिले जन्मली आणि देशभरच्या नद्या-तलावांत सोडली गेली. काम मन लावून केलेले होते, हेतू शुद्ध होता, आणि महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असेच ते होते.

तरी त्याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पिले कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता. पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्व महाशिरांत प्रचंड. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने १९४६ साली कबिनी नदीत धरलेला मासा १२० पौंडांचा होता. आमच्या निळ्या परांच्या पाहुण्याने त्या घरात हातपाय पसरले. गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींत कुबड्या महाशीर वर्षावर्षाला कमी होत गेला आणि लोणावळ्याचा वाढत गेला. धरणे, सुरुंग, वाळूचा उपसा हीही कारणे होतीच. पण पाहुण्याचा वाटा अभ्यासकांनी आकड्यांनी दाखवून दिला आहे. विलक्षण असे की या राजबिंड्या माशाला शास्त्राचे पक्के नावसुद्धा नव्हते. २००७ साली केरळातील पांबार नदीतून वर्णिलेली ‘टॉर रेमादेवी’ ही जात आणि हा कुबड्या एकच, हे २०१८ साली ठरले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या जागतिक यादीत गेला. बारसे आणि धोक्याची घंटा एकदमच.

शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा वाचकांस ठाऊक आहे. हात धुताना ओंजळीत आलेला इवलासा मासा मनूला म्हणतो, मला सांभाळ. मनू त्याला आधी घटात ठेवतो, मग खड्ड्यात, आणि वाढल्यावर समुद्रात नेऊन सोडतो. आम्ही ही कथा कितीदा शिकविली! हवे होते ते नेहमी मोठे पाणी, हे मात्र या वयात ध्यानात आले. लोणावळ्याची तबके म्हणजे घट झाला. मनूला निदान समुद्र कोठे आहे ते माहीत होते. आम्हांला माशाची नदी कोणती हे विचारण्याचेही सुचले नाही.

नदीत वाट हवी म्हटले की आमच्या जिल्ह्याची गोष्ट निघते. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांतून बसविलेले बरगे. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवावयाचे आणि मृगापूर्वी काढून नदी मोकळी सोडावयाची. ही रचना पुराकरिता केली, माशांचा विचार त्यात नव्हता. तरी चढणीच्या दिवसांत खांबांमधून वाट उघडी असते, हे खरे. वेळेवर बरगे निघाले तर. वरच्या अंगाला मात्र राधानगरीपासून दूधगंगेपर्यंत मोठी धरणे आहेत. त्यांच्या पाण्यावर आमचा ऊस आणि आमचे नळ चालतात, म्हणून त्यांविरुद्ध बोलण्याची आमची छाती नाही. तेथे माशांकरिता पायऱ्या नाहीत, एवढेच नमूद करतो. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरील चार जुनी धरणे २०२४ साली काढून टाकली. तो दगड-माती उचलून काही आठवडे झाले नाहीत, तोच शंभराहून अधिक वर्षे बंद असलेल्या वरच्या पाण्यात चिनूक दिसले. एवढ्या पिढ्यांत त्यांपैकी एकानेही ते पाणी पाहिले नव्हते.

राहिली त्या मुलाची गोष्ट. तो आता पन्नाशीला आला आहे, गावी शेती पाहतो. चौकशी करून त्याचा दूरध्वनी मिळविला. वर्गातला प्रसंग त्याला आठवत होता की नाही ते त्याने सांगितले नाही. “गुरुजी, मिरगाचा दुसरा पाऊस झाला की या, नातवाला घेऊन या,” एवढेच म्हणाला. यंदा आम्ही गेलो. त्याच्या शेताखालून कुंभीला मिळणारा ओढा गढूळ होऊन वाहत होता. कातळाच्या एका हातभर उंच पायरीवरून पाणी कोसळत होते आणि त्यात बोटाएवढे, वीतभर मासे उसळी घेत होते. पडत, पुन्हा उसळत. मळ्या, खवल्या, शिंगटा अशी नावे तो सांगत गेला. महाशीर त्यांत नव्हता. “आज्याच्या वक्ताला मोठं यायचं, मांडीएवढं,” तो म्हणाला, “आता नाय.”

पलीकडच्या काठाला चार-पाच तरुण जाळे आणि काठ्या घेऊन बसले होते. चढणीचे मासे खाणे ही या दिवसांतली जुनी हौस आहे. कोकणात वळगणीचे मासे म्हणतात तेच हे. पोटात अंडी असलेली मादी या दिवसांत धरली म्हणजे पुढचे पीकच कापले, हे उघड आहे; पण ज्यांच्या चुलीवर ते शिजतात त्यांना आमच्यासारख्या वरणभात खाणाऱ्याने काय सांगावे, असे वाटून आम्ही गप्प राहिलो. आमचा विद्यार्थी गप्प राहिला नाही. तो काठाने वर जाऊन त्या पोरांपाशी बसला, तंबाखूची चंची काढली, काहीबाही बोलला. परत आला तेव्हा म्हणाला, “वरचा डोह सोडा म्हनलं. खालच्या अंगाला धरा. सोडत्यात.”

नातू तोवर ओल्या कातळावर उकिडवा बसून, मासा पायरी चढून गेला की मोठ्याने आकडा म्हणत होता. अंधार पडू लागला तेव्हा त्याचे एकोणतीस झाले होते. ते चलच्चित्र त्याने सिॲटलला काकाकडे धाडले आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या गावी मृगात मासे चढतात, त्यांनी तेथे त्यांस कोणती नावे आहेत, आणि घरच्या वृद्धांच्या आठवणीत महाशीर कोणत्या डोहापर्यंत येत असे, ते आम्हांस अवश्य लिहून कळवावे.